डाव्या कानामागची गाठ

मार्गशीर्ष सरत आला की आमच्या कोल्हारच्या हवेत मळीचा वास उतरतो. साखर कारखाना येथून बराच दूर आहे. पण वारा फिरला की तो गोडसर, किंचित आंबूस वास प्रवरेवरच्या धुक्यात मिसळून गावात येतो आणि पहाटेच्या स्नानानंतर मी अंगणात सूर्याची वाट पाहत उभा असतो, तेव्हा मंत्राच्या प्रत्येक श्वासाबरोबर आत जातो. पुलाच्या चढावर उसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांच्या घुंगरांचा नाद मंदावतो, उतारावर पुन्हा जलद होतो. रस्त्यावर सांडलेली कांडी चाकांखाली चिरडली जातात आणि दुपारपर्यंत रसाने डांबर पायाला चिकटू लागते. आयुष्याची अठ्ठ्याहत्तर वर्षे मी हा हंगाम पाहत आलो आहे. त्यांतील बहुतेक वर्षे एकमेकांत विरघळून गेली. एक तेवढे विरघळत नाही.

आमच्या घरासमोरच्या मोकळ्या रानात यंदाही ऊसतोडणीच्या टोळीने कोप्या घातल्या आहेत. पाचट आणि ताडपत्रीच्या त्या बुटक्या झोपड्या फाल्गुनापर्यंत तेथे असतात, मग एके दिवशी नसतात. परवा दुपारी टोळी गाडी भरून लवकर परतली होती. एक बाई दगडावर बसली होती. कोयता लागल्यामुळे तिच्या उजव्या हाताला फडक्याची जाड पट्टी होती. तिच्या मागे तिचा नवरा उकिडवा बसला होता आणि तिचे केस विंचरीत होता. फणी अडली की तो ती दातांत धरून बोटांनी गुंता सोडवी.

"आवो, उसाची मोळी बांधताय का काय?" बाई ओरडली. "मान मोडंल माझी."

"गप बस की. मोळी येवढी वळवळत न्हाई," तो म्हणाला.

शेजारच्या कोपीतल्या बाया हसल्या. तोही हसला, पण हात थांबला नाही. तीन पेडांची एक ओबडधोबड वेणी त्याने घातली, शेवट लाल रिबिनीने बांधला आणि काम झाल्याची खूण म्हणून तिच्या पाठीवर थाप मारली. मी ओसरीवर पोथी उघडून बसलो होतो. पोथीची अक्षरे मला दिसेनाशी झाली. त्या माणसाने पंचांग पाहिले नव्हते, एवढेच मनात आले. आणि हे वाक्य मनात येताच चार वर्षांपूर्वीचा तो पौष महिना ओसरीच्या पायऱ्या चढून माझ्यासमोर येऊन बसला.

त्या वर्षी दिवाळीनंतर यमुनेचा उजवा खांदा धरला. यमुना म्हणजे माझी पत्नी. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, शेक सांगितला, आणि वेळ लागेल असेही सांगितले. स्वयंपाक ती डाव्या हाताने रेटून नेई. पण केस डाव्या हाताने आवरत नाहीत. लग्न होऊन आली तेव्हा तिचे केस गुडघ्यांपर्यंत होते. सत्तरीतही कमरेपर्यंत उतरत. पांढरे, मऊ, कापसाच्या पेळूसारखे. एक्कावन्न वर्षे मी तिचा अंबाडा पाहिला होता, परंतु तो घालताना कधी पाहिले नव्हते. मी उठण्याआधी तो घातलेला असे. पहाटेच्या तुळशीला जसे पाणी घातलेलेच असे, तसा तो असे. आता ते केस सुटे राहू लागले. सुट्या केसांनी देवघरात यायचे नाही, म्हणून ती देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसून आरती म्हणू लागली. मला ते दिसत होते.

अशा दिवसांत एस्तेर आली. मागच्या आळीतल्या प्राथमिक शिक्षकांची ती मुलगी. माझ्या हाताखाली तीन वर्षे संस्कृत शिकलेली. रविवारी चर्चमध्ये गाणारी, आणि एरवी आमच्या ओसरीवरून शेंगदाण्याचे लाडू घेऊन जाणारी. राहात्याला तिने ब्यूटी पार्लरचा कोर्स केला होता. यमुनेला ती आजी म्हणे आणि मला गुरुजी.

"आजी, तुमचे केस द्या मला उसने," ती दारातूनच म्हणाली.

"घे बाई. नेऊन कुठं ठेवशील?" यमुना म्हणाली.

"न्यायचे न्हाईत हो. इथंच ठेवायचे. तुमच्या डोक्यावर."

मग उलगडा झाला. तिच्या महाविद्यालयात स्पर्धेसाठी एक ग्रीक नाटक बसवीत होते आणि नट्यांच्या केशरचनेचे काम तिच्याकडे आले होते. टोप नकोत, खऱ्या केसांचेच करीन, असे ती सर्वांसमोर सांगून बसली होती. "आन् आता सराव कुणावर करू? समद्या पोरींनी केस कापून सरळ करून घेतल्यात. नाटकापुरते गंगावन जोडीन, पन शिकायला अख्खी मुळापासूनची वेणी पायजे. गावात तेवढे केस एकट्या आजींचे हायेत."

तिने मोबाईल पुढे केला. पडद्यावर एका प्राचीन ग्रीक मंदिराचे छायाचित्र होते. त्याच्या छताला खांबांऐवजी सहा दगडी कन्यांनी डोक्यावर तोलून धरले होते. त्यांची नाके झिजली होती, हात कोपरापासून तुटले होते; परंतु त्यांचे पाठीमागून घेतलेले छायाचित्र एस्तेरने दाखविले तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. प्रत्येकीच्या पाठीवर दाट, भरघोस वेणी होती. माशाच्या काट्यासारखी विणलेली, पेडन् पेड स्पष्ट. अडीच हजार वर्षांच्या पावसाने मुखे पुसली होती आणि वेण्या राहिल्या होत्या.

"मान बारीक ठिवली असती तर छताच्या वजनानं मोडली असती," एस्तेर म्हणाली. "म्हनून कारागिरानं पाठीवर जाड वेणी सोडली. शोभेची शोभा, आन् मानेला टेकू."

यमुना बराच वेळ त्या चित्राकडे पाहत होती. "हात गेले बिचाऱ्यांचे," ती म्हणाली, "माझ्यासारखेच."

परदेशातील कोणी एक बाई जुन्या मूर्ती पाहून आपल्या घरीच तशा केशरचना करते, हे एस्तेरने मोबाईलवर पाहिले होते. आकडे नाहीत, चाप नाहीत. त्या काळच्या स्त्रिया केस हाडाच्या सुईने आणि लोकरीच्या दोऱ्याने शिवीत, असे त्या बाईचे म्हणणे. एस्तेरने पिशवीतून बोथट टोकाची लोकरीची सुई काढली आणि मी पोथी मिटली.

"सवाष्णीच्या मस्तकाला सुई लावायची नाही," मी म्हणालो.

माझा स्वर मोठा झाला असावा, कारण एस्तेरचा हात सुईसकट ओढणीआड गेला. आमच्याकडे अंगावरच्या वस्त्रालासुद्धा टाका घालीत नाहीत. अगदीच नड पडली, सदऱ्याचे बटण तुटले, तर ज्याच्या अंगावर सदरा आहे त्याने टाका पुरा होईपर्यंत दातांत एक काडी धरायची. जिवंत माणसाला शिवायचे नसते. काडी चावणारा जिवंत आहे, हे नियतीला दिसावे, असा त्यामागचा भाव. येथे तर प्रत्यक्ष मस्तक होते.

यमुना उठली, अंगणात गेली, तुळशीची एक वाळकी काडी मोडून घेऊन आली, दातांत धरली आणि पाटावर एस्तेरकडे पाठ करून बसली. मग काडीच्या आडून अस्पष्ट शब्द आले: "झालं? घाल गं टाका."

एस्तेर मोठ्याने हसली. मला हसू आले नाही. परंतु माझे शास्त्र माझ्याच घरातून माझ्यासमोर आले होते; मी पोथी पुन्हा उघडली.

दोऱ्याचा प्रश्न यमुनेनेच सोडवला. पांढऱ्या केसांत काळी लोकर उठून दिसेल, म्हणून तिने माझ्या जुन्या राखी स्वेटरची फाटकी बाही डाव्या हाताने उसवली. अशा रीतीने त्या पौषात माझ्या स्वेटरचा दोरा तिच्या केसांत रोज जाऊ लागला आणि रोज संध्याकाळी आरतीनंतर उसवून पुन्हा गुंड्यावर येऊ लागला.

त्या दुपारी मी कशाकशाने आठवू? ओसरीवर तिरपे उतरलेले ऊन. खोबरेल तेलाची वाटी उन्हात विरघळताना तिच्या कडेने होणारे पारदर्शक वर्तुळ. पाचटाच्या धुराची एक रेघ. समोरच्या हरभऱ्यात शिरलेल्या शेळीवर कोणी तरी टाकलेली हाक. एस्तेरची अखंड बडबड, आणि काडी दातांत असल्यामुळे यमुनेचे अखंड मौन. बोलण्याची तिला हौस फार. पण टाका चालू असेपर्यंत ती केवळ डोळ्यांनी हसे. मी समोर पोथी उघडून बसत असे. चार-चार दिवस पान उलटत नसे.

आरंभीचे प्रयोग फसले. एका रचनेत सगळे केस कपाळापासून मागे वळ्यावळ्यांनी पिळून न्यायचे होते. पुरे झाल्यावर डोके खरबुजासारखे दिसते, असे एस्तेर म्हणाली. यमुनेने आरसा मागितला, पाहिला, काडी काढली आणि म्हणाली, "कापून खाऊ नका म्हणजे मिळवली." दुसऱ्या रचनेत कपाळावरून कापडी पट्टी तीनदा फिरवून मागे सैल गाठोडे बांधायचे होते. ती साधली. नेमके त्याच संध्याकाळी शेजारी संक्रांतीचे हळदीकुंकू होते आणि यमुना तशीच गेली. परत आली तेव्हा दारातच हसत बसली. शेजारच्या भामाबाईंनी विचारले म्हणे, "काकू, ह्यो कुठला आंबाडा?" यमुनेने सांगितले, ग्रीक देशातला, अडीच हजार वर्षांचा जुना. त्यावर भामाबाई म्हणाल्या, "मग तुमच्याच वयाचा म्हना की!"

त्या दिवसापासून संध्याकाळच्या आरतीला ती पुन्हा देवघरात येऊन बसू लागली. माझ्या उजव्या बाजूला, तिच्या नित्याच्या जागी. केस बांधलेले होते ना.

दगडी कन्यांची वेणी मात्र पौषाच्या मध्यावर जमली. ज्या दिवशी जमली त्या दिवशी एस्तेर मागे सरकून पाहतच राहिली आणि मग तिने यमुनेला उठून उभे राहायला सांगितले. ती उभी राहिली. खांद्याच्या दुखण्यामुळे दोन महिने वाकलेली तिची मान सरळ झाली होती. पाठीवर ती पांढरी, जाड वेणी. मला त्या मंदिराच्या छताची आठवण झाली; आणि या बाईने एक्कावन्न वर्षे मस्तकावर काय काय तोलून धरले असेल, असा प्रश्न पहिल्यांदाच पडला. तो मी तिला विचारायला हवा होता. मी म्हणालो, "छान आहे."

"गुरुजींना आवडली!" एस्तेर टाळी वाजवून म्हणाली. मग जरा गंभीर झाली. "पन आजी, नाटक झालं की मी पुण्याला चाललेय. काम मिळालंय तिथं. मग तुमचे केस कोन घालनार?"

यमुनेने काडी दातांतून काढली. "हे घालतील," ती म्हणाली.

मी म्हणालो, "मला येत नाही."

"शिका की. एवढी शास्त्रं शिकलात."

"पौषात नवे काही आरंभू नये. माघ लागू दे."

ती माझ्याकडे क्षणभर पाहत राहिली. पंचांग तिलाही कळत होते. पौषात लग्न करीत नाहीत, मुंज करीत नाहीत, वास्तू करीत नाहीत. वेणी घालीत नाहीत, असे कोणत्याही पंचांगात लिहिलेले नाही. "बरं," ती म्हणाली. "माघात."

आणखी एकदा तिने विचारले. त्या दिवशी एस्तेरची तालीम होती, ती येणार नव्हती. यमुना फणी डाव्या हातात घेऊन माझ्यासमोर आली. तिचे केस मोकळे होते. उन्हात त्यांच्या कडा चमकत होत्या. अत्यंत हळू आवाजात, जणू काही लज्जास्पद मागत आहे अशा आवाजात, ती म्हणाली, "आज तुम्ही घालता का? कोणी बघत नाहीये."

मी उपरणे खांद्यावर टाकले आणि देवळात निघून गेलो.

देवीच्या गाभाऱ्यात त्या दिवशी मी पुष्कळ वेळ बसलो. साठ वर्षे मी मूर्तीला उपचार केले आहेत. स्नान, गंध, अक्षता, फूल. नवरात्रात देवीच्या मस्तकावर गजरा माळताना माझा हात कधी अडला नाही. ती पाषाणाची होती. घरी जिवंत बाई फणी घेऊन उभी होती, आणि कोणी पाहत नव्हते, तरीही मला कोणी तरी पाहील असे भय होते. कोणाचे भय? आज विचार करतो तेव्हा वाटते, ते माझेच होते. बायकोच्या केसांत हात घातलेला मी मला पाहवणार नव्हतो. ज्या घरात वाढलो तेथे पुरुषाने पत्नीचे नावही घेऊ नये, असा धाक होता. त्या धाकाला मी मर्यादा म्हणत आलो. परतलो तेव्हा तिने डाव्या हाताने केसांची कशीबशी एक गाठ मारली होती आणि ती देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसली होती.

पौष संपायला दोन दिवस राहिले होते. स्पर्धा अगदी तोंडावर आली होती. एस्तेरने दगडी कन्यांची वेणी शेवटची एकदा घातली आणि उसवली नाही. "राहू द्या आजी. झोपून उठल्यावर कितपत टिकतीय ते बघू. नाटकातल्या पोरींना लवकर तयार करून बसवायचंय," ती म्हणाली. "उद्या मी नगरला असनार, परवा येऊन सोडते."

"मला कुठं घाई आहे," यमुना म्हणाली.

पहाटे मी अर्घ्य देऊन आत आलो तेव्हा ती कुशीवर झोपलेली होती. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग नावाने मारली. यमुना हे नाव मी तोंडाने मोठ्याने उच्चारल्याचे मला त्याआधीचे स्मरण नाही. तिची वेणी जशीच्या तशी होती.

मुलाला बंगळुरूला कळविले, तो निघाला. आळीतल्या बाया जमल्या. स्नान घालायचे होते, सवाष्ण म्हणून हिरवे वस्त्र नेसवायचे होते. मी मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसलो होतो. आतून भामाबाईंचा आवाज आला, "अगं, आकडं कुठं हायेत ह्यात? एकबी गावंना."

"आकडं न्हाईतच, भामाबाई. शिवल्यात केस."

"शिवल्यात? आता गं बया. गाठ तरी कुठं हाय?"

"त्या एस्तेरला फोन लावा."

"लागत न्हाई. बंद येतोय."

मग भामाबाई म्हणाल्या, "कात्री आना. किती येळ ठिवायचं त्यांना असं."

मी उठलो. अशा वेळी पुरुषाने आत जायचे नसते. मी आत गेलो. बाया बाजूला झाल्या. "कात्री नको," मी म्हणालो आणि तिच्या उशाशी बसलो.

गाठ डाव्या कानामागे होती. बाहेरून दिसत नाही. दोऱ्याचे शेपूट वेणीच्या पहिल्या पेडाखाली दडवलेले असते. मी ते बोटाने बाहेर काढले, हलकेच ओढले; सरकगाठ सुटली. मग टाका टाक्यामागून येऊ लागला. एस्तेर टाका उजव्या कानामागून सुरू करी आणि मस्तकाच्या मागून डाव्या कानाशी आणी. म्हणजे देवळात आपण प्रदक्षिणा घालतो तसा. सोडवताना तो उलटा येत होता. अंत्यविधीत सगळे उलटेच फिरायचे असते, हे मी शेकडो यजमानांना सांगितलेले. माझ्या हाताला ते त्या दिवशी कळले. मस्तकाभोवतीच्या दोन बारीक वेण्या सुटल्या. पाठीवरची जाड वेणी मी तळापासून मोकळी केली. एकही केस तुटला नाही. पाचसहा बाया तेथे उभ्या होत्या. भामाबाई एवढेच पुटपुटल्या, "गुरुजींचा हात किती हलका हाय."

केस तिच्या खांद्यांवर पसरले. मी त्यांतून एकदा बोटे फिरविली. गरज नव्हती. मग उठलो. काही वेळाने तिच्या मुखात तुळशीपत्र ठेवायला मलाच बोलावले. या वेळी काडी नव्हती.

"दोरा द्या, टाकते," भामाबाई म्हणाल्या. मी दिला नाही. माझ्या स्वेटरचा तो राखी दोरा मी त्या वर्षीच्या पंचांगाभोवती गुंडाळला आणि गाठ मारली. ते पंचांग देवघराच्या फडताळात आहे. मी ते पुन्हा उघडलेले नाही.

दहाव्या दिवशी नदीकाठी माझे मुंडन झाले. केस प्रवरेच्या वाळूवर पडत होते, त्या वेळी एस्तेर काठावर दूर, ओढणी डोक्यावर घेऊन उभी होती. नंतर घरी येऊन ती बराच वेळ रडली. नाटकाला बक्षीस मिळाले होते, ते तिने फार उशिरा सांगितले. जाताना म्हणाली, त्या जुन्या ग्रीक लोकांतसुद्धा माणूस गेले की जवळचे लोक आपली एक बट कापून त्याच्यापाशी ठेवीत. मला ते ऐकून आश्चर्य वाटले नाही. समुद्रापलीकडच्या त्या लोकांची देवळे पडली, आपली उभी आहेत. पण दु:ख झाले की माणसाचा हात प्रथम केसांकडे जातो, हे दोन्हीकडे सारखेच. सुख असताना का जात नाही, ते मला कोणी सांगितलेले नाही.

तीन पौष त्यानंतर गेले, हा चौथा. मुलगा मला बंगळुरूला बोलावतो. देव हलविता येत नाहीत, असे मी त्याला सांगतो आणि तो ते ऐकून घेतो. घरात दोन पाट आहेत. एक भिंतीला उभा असतो. खोबरेल तेलाची वाटी मी अजून थंडीत उन्हाला ठेवतो, का ते ठाऊक नाही. ते विरघळते, संध्याकाळी पुन्हा गोठते.

आज दुपारी फोन वाजला. एस्तेरचा होता. पुण्यात ती आता नाटकांसाठी केशरचना करते. तिचे चांगले चालले आहे. प्रकृती, जेवण, गुडघे, सगळे विचारून झाल्यावर ती जराशी घुटमळली.

"गुरुजी, एक विचारू का? आपली ती दगडी पोरींची वेणी. एका नाटकाला तीच पायजे. जुना मोबाईल पान्यात पडला, त्यात समदे फोटो गेले. टाका कुठून कसा घेत हुते, कालपासनं आठवतेय, मधीच तुटतंय. तुमी समोर बसायचे. काही ध्यानात असंल तर."

मी पायरीवर बसलो. "लिहून घे," म्हणालो.

आणि मी सांगू लागलो. कपाळापासून टाळूपर्यंत मधोमध भांग. मग कानापासून कानापर्यंत आडवा भांग. पुढच्या केसांच्या दोन बारीक वेण्या, फार घट्ट नाहीत, नाहीतर कानशिले दुखतात. यमुनेची दुखत, ती सांगत नसे, डोळे बारीक करी. त्या मागे नेऊन एकीवर दुसरी. मागच्या केसांची माशाच्या काट्यासारखी वेणी, पेड बाहेरून बारीक घ्यायचे, आत टाकायचे. मग दोरा. उजव्या कानामागे दहाबारा केसांच्या मुळाशी फास, कातडीला लागू द्यायचा नाही. तेथून गोधडीला घालतो तसा धावता टाका. एक वेणीतून, एक खालच्या केसांतून. मस्तकाच्या मागे पोहोचलीस की एक टाका दुहेरी, कारण तेथे भार येतो. आणि डाव्या कानामागे सरकगाठ. शेपूट पहिल्या पेडाखाली दडवायचे.

मी थांबलो.

"गुरुजी," ती म्हणाली. "तुमाला समदं येत हुतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आजी मला सारखं म्हनायच्या," ती हळू बोलत होती, "त्यांना येत नाही गं, म्हणून. येत असतं तर घातली असती त्यांनी."

पुलाच्या चढावर एक गाडी चढत होती. घुंगरांचा नाद मंदावला.

"येत होतं," मी म्हणालो.

तिने हळूच, "ठेवते गुरुजी, जपा," म्हणून फोन बंद केला.

ऊन ओसरीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत उतरले होते. समोरच्या रानात टोळी परतली होती. हाताला पट्टी बांधलेली ती बाई त्याच दगडावर येऊन बसली, मांडीवर फणी ठेवली आणि मागे वळून कोपीकडे हाक दिली.

"आवो! येनी राह्यलीया. येताय का?"

"आलो," आतून तो म्हणाला, आणि आला.